मोरपिसाचा नियम

एका रानात, खोल डोहाच्या काठी, एक म्हातारं कासव राहत असे. डोह राखणं हीच त्याची नोकरी. रानडुकरं दिवसभर लोळून पाणी गढूळ करत, म्हणून उगाच कुणी डोहात शिरू नये यासाठी रानाच्या सभेने भाद्रपदात नियम केला होता: पाणी प्यायचं तर दर खेपेला एक मोरपीस आणून द्यायचं. तेव्हा पिसं वाटेवर ढिगाने पडलेली होती. वैशाखात रान तापलं, ओढे आटले, आणि शोधून एक पीस मिळेना. मोर काय वैशाखात पिसं गाळतात होय? पण सभेतली मंडळी पाणी प्यायची वरच्या झऱ्यावर. त्यांना हे कळणार कुठून?

एका दुपारी सशीण दोन पिल्लं घेऊन आली. पिल्लांना मानही धरवत नव्हती. "कासवदादा, घोटभर पाणी दे रे यांना."

"पीस आणलंस?"

"तुझ्या काळजालाही कवचच आहे का रे मेल्या? मग बघत बस यांच्याकडे!" पिल्लं तिथेच ठेवून ती तडक सभेकडे पळाली.

मुलांनो, कासवाला लगेच नावं ठेवू नका. आधीच्या राखणदाराने एका हरणाला असंच पिसाविना पाण्यावर सोडलं, तर सभेने त्याला रानाबाहेर घालवलं होतं. कासवाने मान आत ओढली, परत बाहेर काढली. पिल्लं आता हलेनाशी झाली होती. मग मात्र ते उठलं आणि एकेकाला ढकलत पाण्याशी घेऊन गेलं.

सभेची मुख्य नीलगाय धापा टाकत आली, तेव्हा पिल्लांची तोंडं ओली होती. "नियम मोडलाय, बाई," कासव म्हणालं. "काढा मला."

"ते नंतर बघू. आधी मला पाणी पिऊ दे, घसा सुकलाय."

"पीस?" कासव सवयीने बोलून गेलं.

नीलगाय तणतणत पीस शोधायला गेली. दिवस कलताना रिकाम्या तोंडाने परतली. "अरे, मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि मलाही धीर झाला नाही."

दुसऱ्याच दिवशी सभेने नियम बदलला: प्यायला सगळ्यांना मोकळीक, लोळायला कुणालाच नाही. कासव नोकरीवर राहिलं. आणि पुढच्या अमावास्येला डोहावरच्या रांगेत, सशिणीच्या मागे, नीलगाय मुकाट उभी होती.

तात्पर्य : नियम करणाऱ्याने अधूनमधून त्याच नियमाच्या रांगेत उभं राहावं, आणि नियम राबवणाऱ्याने तो कुठे टोचतो ते वेळेवर तोंड उघडून सांगावं.