गुडघे कुणी टेकले?

“मग गुडघे कुणी टेकले?”

बस्त्याव मास्तरांनी हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारला, तेव्हा पास्कलच्या कपाळावर आठी उमटली.

“मास्तर, मी काय विचारतोय आणि तुम्ही काय विचारताय! या शुक्रवारी हकीकत मी गाऊ की नको, एवढंच सांगा ना.”

“तेच तर सांगतोय. गेल्या वर्षी तू गायलास. गुडघे कुणी टेकले?”



वसईकडच्या त्या गावातल्या देवळात शुभ शुक्रवारी ख्रिस्ताच्या मरणाची हकीकत नुसती वाचत नाहीत, ती गातात. तिघे जण गातात. ख्रिस्ताच्या तोंडचे शब्द खर्जातल्या, जड आवाजाचा माणूस गातो. जमावाचे आणि अधिकाऱ्यांचे शब्द दुसरा गातो. आणि मधलं सगळं, म्हणजे कोण आलं, कुणी धरलं, कुठे नेलं, ते गातो टेनर. पुरुषाचा उंच, लांबवर पोचणारा आवाज. त्या गोष्टीत त्याचं स्वतःचं काही काम नसतं. तो सांगणारा.

सांगता सांगता हकीकत मरणापाशी येते. टेनर ख्रिस्ताने प्राण सोडल्याचं ते एक वाक्य गातो आणि थांबतो. वेदीपुढे फादर गुडघे टेकतात. मागोमाग सगळं देऊळ गुडघ्यांवर येतं. मग घंटा नाही, पेटी नाही, खोकणंसुद्धा नाही. अख्खं गाव त्या शांततेत बुडून बसतं. मग लोक उठतात आणि टेनर पुढची ओळ घेतो.

पिढ्यान् पिढ्या असंच चालत आलेलं.

“फादरांनी टेकले,” पास्कल शेवटी म्हणाला.

“फादर टेकणारच. त्यांचं ते कामच. माझं सोड, माझ्या गुडघ्यांनी तीन वर्षं संप पुकारलाय, मी खुर्चीवर होतो. लोकांत कुणी टेकले?”

“मास्तर, लोक... लोक ऐकत होते.”

“नाताल मावशीने टेकले,” मास्तर म्हणाले. “तिसऱ्या बाकावर. तेवढी एकटीच.”

पास्कलला हसावं की रागवावं कळेना. नाताल मावशी ठार बहिरी होती. फादर खाली बसलेले दिसले, म्हणून तीही बसली, इतकंच.

“म्हणजे जिला ऐकू येत नाही, तिलाच काय ते कळलं, असं म्हणायचंय तुम्हाला?”

“मी कुठे काय म्हटलं? मी विचारतोय.”

मास्तर ओट्यावरच्या वेताच्या खुर्चीत बसले होते. पाय पुढे ताठ सोडलेले, मांडीवर काठी आडवी. चाळीसेक वर्षं त्यांनी गावाचा गायकवृंद सांभाळला होता. आता आवाज उरला नव्हता, बोलतानाही मध्येच फाटायचा. तरी देवळात कोण काय गाणार, हे नवे फादर त्यांनाच विचारायचे. सकाळीच फादर पास्कलला म्हणाले होते, “मास्तर हो म्हणाले तर तू. नाहीतर सायमन.”

सायमन! सूर बरा लागतो, बस्स. देवळाच्या चौथ्या बाकापलीकडे त्याचा आवाज जात नाही.

आणि पास्कल? लग्नं त्याच्या तारखा बघून ठरायची. मुंबईच्या मोठ्या गायकवृंदाने त्याला बोलावून नेलं होतं. तो वरच्या सुराला गेला, की पाठमोरे लोक वळून बघायचे.

“गेल्या वर्षी मी शेवटच्या शब्दाला सूर वर नेला,” पास्कल हट्टाने म्हणाला. “चालीत तो खाली उतरतो, माहीत आहे मला. पण मी वर नेला आणि धरला. पाखरू हललं नाही देवळात. बाबा पहिल्या बाकावर होते. बाहेर आल्यावर माझा हात धरून म्हणाले, ‘पास्कल, आज देवळाचं छप्पर उडालं असतं रे!’”

“म्हणाला असेल इनास, तुझा बाप. तोंड उघडं टाकून ऐकत होता, मी बघितलं.”

“तो त्यांचा शेवटचा शुभ शुक्रवार होता, मास्तर.”

मास्तरांनी मांडीवरची काठी नीट केली.

“यंदा त्यांची जागा रिकामी असणार. मला त्यांच्यासाठी गायचंय. तेवढं तरी...” पास्कल पुढे सरकला. “तेवढं तरी मागू नये का मी?”

मास्तरांनी काठीने अंगणातली जागा दाखवली. तिथून पुढे केळीची बाग सुरू होत होती.

“तिथे उभा राहा. ते वाक्य गा. गेल्या वर्षीसारखंच.”

पास्कल उठला. एवढंच हवं होतं त्याला. पाय रोवून उभा राहिला, छाती भरून घेतली आणि गायला.

काय आवाज होता तो! सुरुवातीला सरळ, तारेसारखा. मग शेवटच्या शब्दावर त्याने उचल घेतली आणि सूर वर, आणखी वर गेला, तिथे थांबला, थरथरला, उजळत गेला. विहिरीच्या काठावरचे कावळे उडाले. पलीकडच्या वाडीतून कुणीतरी “वा रे वा!” म्हणून ओरडलं.

स्वयंपाकघरातून मास्तरांची सून फिलोमिना धावत दारात आली. भाकऱ्या थापत होती, हात पिठाने कोपरापर्यंत पांढरे.

“अगंबाई, पास्कलभाऊ! काटा आला अंगावर. हे बघा.”

पास्कलने मास्तरांकडे बघितलं. आता बोला, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

मास्तर सुनेकडे वळले.

“फिलू, कोण गेलं गं?”

“अं?” फिलोमिना गोंधळली. “कोण गेलं? कुठे?”

“त्याने आत्ता सांगितलं ना. कोण गेलं?”

“बाबा, मी... मी तर आवाज ऐकत होते.”

मास्तरांनी मान हलवली. रागाने नाही. भात शिजलाय का याचा अंदाज घेतल्यासारखी.

पास्कलचे कान तापले. पण तो हार मानणारा नव्हता. त्याला वाटलं, कळलं आपल्याला. थेरड्याला दुःख हवंय. ठीक आहे, दुःख देऊ.

“पुन्हा गातो,” तो म्हणाला.

या वेळी त्याने सूर खाली घेतला. आवाज मऊ केला, मध्ये कापरा केला, शेवटचा शब्द तर हुंदक्यात बुडवून सोडला.

फिलोमिना काळजीने पुढे आली.

“घसा बसला का हो? आल्याचा काढा देऊ?”

मास्तर इतके हसले, की त्यांना ठसका लागला. हसू ओसरल्यावर म्हणाले, “तू रडू नकोस रे. तूच रडलास तर सांगणार कोण? आणि आवाज कशाला खाली आणलास? देवाने उंच दिलाय. उंचच राहू दे. शेवटच्या बाकापर्यंत पोचायला हवा तो. दाराबाहेर उभे असतात त्यांच्यापर्यंतही.”

“मग काय करू?” पास्कल जवळजवळ ओरडला. “वर नेला तरी चुकलं, खाली आणला तरी चुकलं! सायमनला देताय ना? तसं सांगा एकदाचं. मी जातो.”

तो खरंच निघाला. फाटकापर्यंत गेला.

“पास्कल.”

तो थांबला, पण वळला नाही.

“इनास गेला त्या दिवशी पाऊस होता. तुझं अंगण माणसांनी भरलं होतं. मी पण होतो, पडवीत. आत तू होतास, तुझी आई होती, डॉक्टर होते. बाहेर येऊन आम्हाला कुणी सांगितलं?”

पास्कलचा हात फाटकाच्या कडीवर तसाच राहिला.

“...मी.”

“काय म्हणालास?”

पास्कलने कडी घट्ट धरली.

“कुठल्या सुरात म्हणालास?”

“सूर कसला, मास्तर...” त्याचा आवाज अगदी लहान झाला होता. “दार उघडलं. सगळे माझ्याकडे बघत होते. पत्र्यावर पाऊस वाजत होता, म्हणून जरा मोठ्याने बोलावं लागलं. बाबा गेले, म्हटलं.”

“मग?”

“मग...”

त्याला ते दिसायला लागलं. इतके दिवस त्याने तिकडे बघितलंच नव्हतं. अंगणातल्या पुरुषांनी त्या पावसात डोक्यावरच्या टोप्या काढल्या होत्या. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. छत्र्या एकेक करून खाली आल्या. शेजारचा दांडगा आंतोन, ज्याच्याशी बाबांचं बांधावरून आयुष्यभर भांडण, तो चिखलात गुडघ्यांवर बसला. आणि त्या वेळी पास्कलकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे त्याच्या मागे, उघड्या दारातून आत बघत होते.



केळीची पानं एकमेकांवर घासत होती... विहिरीत कुठेतरी थेंब पडत होता...

मग तो मागे वळला. अंगणात आला. पण आधीच्या जागी गेला नाही. मास्तरांच्या घराचं दार उघडं होतं, त्या दाराच्या पायरीवर येऊन उभा राहिला. छाती भरून घेतली नाही. पाय रोवले नाहीत. समोर बघितलं आणि गायला.

आवाज तोच होता. तितकाच उंच, तितकाच स्वच्छ. कुठे हलला नाही, कुठे थांबून आपल्याकडे बघा म्हणाला नाही. वाक्य निघालं आणि सरळ चालत गेलं. बागेवरून, विहिरीवरून, पलीकडच्या वाडीवरून. आणि शेवटच्या शब्दाला, वाडवडिलांनी ठेवला होता तिथेच, सूर खाली उतरला. एखादं माणूस जमिनीवर अलगद ठेवावं तसा.

आणि संपला.

वाडीतून कुणी वाहवा केली नाही. तिथला पाण्याच्या बादल्यांचा आवाज मात्र थांबला.

फिलोमिनाने पिठाचा हात कपाळाला, छातीला, खांद्यांना लावून क्रूसाची खूण केली. कपाळावर पांढरा ठिपका उठला. तिला तो कळलाही नाही. ती दाराच्या चौकटीशी खाली बसली, गुडघ्यांवर, आणि डोळे मिटले.

पास्कलला वाटलं, हे आपण केलं नाही. आपल्या तोंडातून फक्त गेलं. आपण दार उघडून बाजूला झालो, आणि आत कुणीतरी आहे, ते सगळ्यांना दिसतंय. त्याच्या अंगावर शहारा आला. लहानपणी पहिल्यांदा वेदीजवळ गेला होता, त्यानंतर असं कधी झालं नव्हतं. बाबा आठवले. छप्पर उडालं असतं म्हणणारे नाहीत. त्या दिवशीचे, शांत पडलेले.

त्यालाही उभं राहवेना. तो पायरीवरच गुडघ्यांवर आला.

बाजूला काहीतरी खरवडलं. वेताची खुर्ची सरकली, काठी फरशीवर पडून गडगडत गेली. पास्कलने वळून बघितलं नाही. बघायचं नसतं त्या वेळी.

वारा पडला होता. एक पान हलत नव्हतं. उन्हाचा पट्टा ओट्यावरून सावकाश पायरीवर आला, त्याच्या हातांवर आला... भाकरी तव्यावर करपल्याचा वास आला, तरी फिलोमिना उठली नाही...

बऱ्याच वेळाने तिनेच डोळे उघडले आणि किंचाळली.

“अहो बाबा! डॉक्टरांनी किती बजावलंय तुम्हाला!”

पास्कल वळला.

बस्त्याव मास्तर खुर्चीपुढे, नुसत्या फरशीवर, दोन्ही गुडघ्यांवर होते. एक हात खुर्चीच्या पायाला धरलेला. ओठ वेदनेने घट्ट मिटलेले, आणि डोळे... डोळे उघड्या दारातून आत, कुठेतरी लांब लागलेले.

पास्कल धावत त्यांच्याजवळ गेला आणि समोर बसला. त्याला खूप काही म्हणायचं होतं. निघालं ते एवढंच.

“मास्तर... शुक्रवारी... मी?”

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं. मग आपला हात पुढे केला.

“आधी मला उठव.”