वाटीच्या भोकातलं मेण

फार पूर्वी, घड्याळं यायच्याही आधी, नदीकाठच्या एका गावात पाटाचं पाणी वाटीनं मोजून देत. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्याच्या घंगाळात सोडायची. ती भरून बुडाली की एकाची पाळी संपली, दुसऱ्याची सुरू. वाटीपाशी म्हातारा पाटकरी बसे. पाणी वाटून देणं हेच त्याचं काम.

यात एक गंमत होती. पाटलाच्या पाळीला पाटकरी भोकाला चिमूटभर मेण लावी. वाटी सावकाश बुडे, पाटलाच्या रानाला जास्त पाणी मिळे. स्वतःच्या पाळीलाही तो हळूच तेच करी. सगळ्यांना माहीत होतं, पण बोलणार कोण?

जुने पाटील वारले. गावानं त्यांच्या एकोणीस वर्षांच्या लेकीला पाटीलकी दिली. पहिल्याच पाळीला ती वाटीपाशी येऊन बसली.

"आबा, माझीच वाटी का बुडेना?"

"मेण लावलंय, पोरी. रीत आहे."

"मग शेवटच्या रानाला काय उरतं?"

"ते कधी बघितलं नाही बुवा."

मुलीनं नखानं मेण खरवडून काढलं.

पाटकऱ्याला हसू आलं. नवी आहे, हौस आहे, चार पाळ्यांत उतरेल! पण दोन वर्षं झाली तरी उतरेना. मग मात्र त्याला राहवेना. पोरीनं चोरून कुठून पाणी वळवलंय का, म्हणून तो तिचा अख्खा बांध ओणवा होऊन चाचपून आला. उंदराच्या बिळाखेरीज तिथं काही नव्हतं.

तिसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला. हिवाळ्यातच पाट आटत आला. मुलीचा गहू ऐन ओंबीत होता. थोडं जास्त पाणी मिळालं तर वाचणार, नाहीतर अर्धं रान जाणार. पाटकऱ्याचा जीव कळवळला. त्यानं कनवटीचं मेण बाहेर काढलं.

"एवढ्या वेळेला लावतो. कुणी बोट दाखवणार नाही."

मुलीचे डोळे भरून आले. "नको, आबा. मलाही मोह होतोय, म्हणून तर इथं माझीच राखण करत बसलेय."

वाटी बुडाली. तिचा अर्धा गहू वाळला.

"एवढं सोसून काय मिळतं गं तुला?" पाटकऱ्यानं विचारलं.

"शेवटच्या रानात पाणी पोचतं तेव्हा एकदा जाऊन बघा."

तो गेला. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच पाटाच्या टोकापर्यंत चालला. तिथं एक शेतकरी अनवाणी उभा होता. चिखलातून पाण्याची धार येताना दिसली, तसा तो घराकडे तोंड करून ओरडला, "आलं गं! याही वर्षी आलं!"

पाटकरी आल्या वाटेनं परतला.

दुसऱ्या दिवशी त्याची स्वतःची पाळी होती. त्याचाही गहू माना टाकू लागला होता. त्यानं वाटी सोडली, उठला आणि वाटेनं चाललेल्या त्याच शेतकऱ्याला हाक मारली.

"तू बस इथं. आज पाळी माझी आहे, आणि माझ्या हाताचा मला भरवसा नाही."

या गोष्टीचं तात्पर्य: तरुणांचा ध्येयवाद किती दिवस टिकतो ते बघत बसू नये, त्यातलं आपल्याला किती जमतं ते बघावं.