बाईंनी न पाहिलेली ओळ

“पण बाई, तिजोरीची किल्ली कुणी चव्हाट्यावर टांगतं का?”

माईणकर बाई पडवीत कोकमासाठी रातांबे फोडत बसल्या होत्या. हात कोपरापर्यंत लाल.

“नाही टांगत,” त्या म्हणाल्या. “पण तिजोरीत काही आहे का, ते तरी बघितलंस?”

विचारणारा कुलदीप मगदूम. कोल्हापूरचा, पुण्यात शिकलेला इंजिनिअर. हुशार होता, आणि हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं.

बाई वेंगुर्ल्याच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या, आणि मग त्यांनी ‘पायली’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. घरखर्चाचा हिशेब ठेवायचा, शेअरच्या जुन्या भावांवर आपली युक्ती ताडून पाहायची, अशा कामाचा. तो ओपन सोर्स आहे. म्हणजे आतली ओळ न् ओळ कुणीही वाचावी, सुधारावी, फुकट वापरावी.

कुलदीपने पायली फुकट घेतली होती. तिच्यावर शेअर खरेदी-विक्रीचा स्वतःचा प्रोग्रॅम उभा केला होता. त्यातली एकही ओळ मात्र तो कुणाला दाखवायला तयार नव्हता.

“दहा वर्षांच्या भावांवर चालवून पाहिलाय, बाई. एकदाही तोटा नाही.”

“एकदाही?”

“एकदाही नाही. सोमवारी आमच्या वडिलांचा, अण्णांचा, सगळा फंड यात टाकणार आहे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये जन्म गेला त्यांचा... तुमचा आशीर्वाद घ्यायला आलोय.”

बाईंचे हात थांबले.

“आधी दाखव.”

कुलदीपने लॅपटॉप वळवला. पडद्यावर एक रेघ जिन्यासारखी वर वर गेली होती.

“ही रेघ झाली. आतलं दाखव.”

“आतलं नको, बाई. तुमच्यावर विश्वास आहे हो. पण तुम्ही सगळंच उघड्यावर ठेवता. उद्या कुणी चोरलं तर?”

पायलीच्या कामासाठी आलेले आम्ही दोघं-तिघं पडवीत होतो, ते चपापलो. फुकटच्या ताकाला जाऊन भांडं लपवणारा इतका उघड माणूस आम्ही प्रथमच पाहत होतो. बाई मात्र रागावल्या नाहीत.

“बरं. तू स्वतः वाचलंस ना नीट?”

“शंभरदा.”

“कुणाला वाचून दाखवलंस?”

“... कुणाला म्हणजे? माझं मीच.”

बाईंचा एक नियम आहे. पायलीत नवी ओळ घालायची, तर लिहिणाऱ्याने ती आधी दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवायची. साध्या शब्दांत, गोष्ट सांगितल्यासारखी. लोक लातूरहून फोन करून बाईंना ओळी ऐकवतात. शेजाऱ्यांना वाटतं, म्हातारीने शिकवण्या घेतल्यात.

बाईंनी सुरी बाजूला ठेवली आणि डोळे मिटले.

“घे. आता मला काही दिसत नाही. वाच.”

कुलदीप हसला. डोळे मिटले तरी कान मोकळे आहेत, हे काही त्याच्या लक्षात आलं नाही. हुशार माणसाचं असं होतं कधी कधी.

तो वाचू लागला. आधी भरभर, मिरवत.

“हळू,” बाई म्हणाल्या. “मी सातवीतली पोरगी आहे असं समज.”

तो हळू झाला.

“यादीतला एकेक शेअर घ्यायचा... त्याचा आजचा उघडतानाचा भाव बघायचा... मग आजचा बंद भाव बघायचा. बंद भाव जास्त असेल, तर आज सकाळी बाजार उघडताच खरेदी...”

तो थांबला.

बाईंचे डोळे मिटलेलेच.

“आजचा बंद भाव...” कुलदीप पुटपुटला. “बाजार दुपारी साडेतीनला बंद होतो.”

“मग?”

“सकाळी तो भाव कुठून येणार?”



जुन्या भावांत सकाळ आणि दुपार शेजारी शेजारी बसलेली असतात. त्याचा प्रोग्रॅम दुपारचं पाहून सकाळी खरेदी करत होता. असं करायला मिळालं तर आमची म्हैससुद्धा तोट्यात जाणार नाही.

पण त्या वेळी हसायला कुणाला सुचलं नाही. पोराचा चेहरा पांढरा पडला होता.

“बाई... अण्णांचा सगळा फंड होता हो.”

“होता नाही. आहे अजून. आधी फोन लाव त्यांना.”

त्याने लावला. “अण्णा, सोमवारी नको,” एवढंच त्याला बोलता आलं. पलीकडून अण्णांनी विचारलं, जेवलास का? तेव्हा मात्र त्याला रडू आवरेना.

बाईंनी डोळे उघडले. लाल हातांनी तांब्या उचलून त्याच्यापुढे ठेवला. तो पाणी प्यायला.

“तुम्ही तर पाहिलंही नाहीत, बाई.”

“नाही पाहिलं.”

“मग चूक सापडली कशी?”

बाईंनी पुढचा रातांबा फोडला.

कुलदीप लॅपटॉप घेऊन पायरीवर बसला. मग त्याने दबक्या आवाजात विचारलं,

“हे सगळं उघडं ठेवू का आता? सगळ्यांना दिसेल असं?”

“मघाशी चोरांची भीती होती ना तुला?”

“आता वेगळीच वाटतेय. एवढी ढोबळ चूक... लोक हसतील, बाई.”

“ठेव रे मेल्या,” बाई म्हणाल्या. “आणि जो सगळ्यात आधी हसेल, त्याला माझा नमस्कार सांग. त्याने वाचलेलं असेल.”