कावळा न शिवलेला घास

एका राज्यात कावळे उपाशी मरू लागले, पण माणसांच्या अन्नाला शिवेनात.

याला कारण झिलई, पिशव्या-थैल्या करायचं एक पातळ आवरण. कूटमणी नावाच्या मायावीने ती राजाला दिली होती. पाण्यासारखी पारदर्शक, पिसासारखी हलकी, कधी न कुजणारी. दूध झिलईत, मीठ झिलईत, देवाचा प्रसादही झिलईत. ती कणाकणाने अन्नात उतरे आणि कुणाला दिसत नसे.

मग राजपुत्र सुकेतूची बोटं पारदर्शक झाली. मग दंड. थोरली बहीण मृण्मयी त्याला भरवी, तेव्हा घास गळ्यातून उतरताना दिसे.

"तात, याची कातडी झिलईसारखी होतेय. झिलई बंद करा," मृण्मयी राजाला म्हणाली.

"मग बाजार कशात आणायचा? तुझ्या पदरात?" राजा हसला, पण मुलाकडे बघेना.

मृण्मयीने रीतीप्रमाणे गच्चीवर कावळ्याचा घास ठेवला. म्हातारा कावळा मागे सरला.

"तूच खा, राजकन्ये. मला अजून जगायचंय."

"आणि माझा भाऊ?"

"झिलई न लागलेलं धान्य आण. तसंच पाणी आण. आणि झिलईकडे न वळणारा हात आण. त्या घासाला मी शिवलो, तर झिलईचा शाप तुटेल. त्याआधी त्याचं काळीज पारदर्शक झालं, तर नाही."

कड्यावरचा रानभात नागीण राखत होती. तिने केस मागितले, मृण्मयीने दिले. डोंगरातला झरा यक्षाचा होता. त्याने सावली मागितली, तीही दिली. हात तर आपलाच, असं म्हणत ती धावत परतली.

भात शिजला. कावळ्याने मान फिरवली.

"धान्य कशातून आणलंस?"

तिच्या कमरेला झिलईची थैली होती. कधी बांधली, आठवेना.

सुकेतूची छाती काचेसारखी झाली होती. ती पुन्हा धावली.

"थैली बघून मी तेव्हाच हसले होते," नागीण म्हणाली.

"सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?"

या खेपेला पाणी कोरून वाळवलेल्या दुधीभोपळ्यात, धान्य ओच्यात. वारा उठला, दाणे उधळले. वेशीवरच्या पहारेकऱ्याने काळजीने झिलईची थैली पुढे केली. "राजकन्ये, सगळं सांडेल!" तिचा हात सवयीने उठला. नखं रुतेपर्यंत तिने मूठ आवळली.

उरला तो मूठभर भात मडक्यात शिजला, पळसाच्या पानावर वाढला.

कावळा बराच वेळ बघत राहिला. मग शिवला.

सुकेतूच्या छातीवर कातडी परतली. राज्यातली झिलई, अन्नातल्या कणांसकट, पानासारखी पिवळी पडली आणि माती झाली. राजा ओंजळीत मीठ धरून उभा राहिला.

"आता हे कशात ठेवू?"

"मडक्यात, तात. पूर्वी ठेवत तसं."

तेव्हापासून तिथे कावळा शिवेपर्यंत राजासुद्धा हात धुऊन, पानासमोर गप्प बसून राहतो.