कोनाडा मोजून बाप्पा

चतुर्थी तोंडावर आली आणि कुमुदिनीकाकूंचा कॉम्प्युटर सुस्तावला. मोदकांच्या साऱ्या ऑर्डरी त्यातच. अन् एक पान उघडेपर्यंत काकूंचं अख्खं अथर्वशीर्ष म्हणून व्हायचं. नुकतंच त्यात सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन टाकणारे टिपणीस, काकू तक्रार घेऊन त्यांच्या दुकानात येताच गुरकावले, "व्हर्जन उत्तमच आहे. तुमचं मशीन जुनाट! नवं घ्या. दरवर्षी नवं येणारच, काकू."

काकू शांतपणे म्हणाल्या, "आमचा बाप्पाही दरवर्षी नवाच येतो हो! पण मूर्ती सांगण्याआधी आम्ही कोनाडा मोजतो. मूर्ती मावली नाही, तर मूर्तिकार भिंत पाडायला सांगत नाही, मूर्ती बदलून देतो. तुम्ही माप घेतलं होतंत?"

टिपणीस ओशाळले. "आणा मशीन, जुनं व्हर्जन परत टाकतो."

मागून लॅपटॉप पुढे करत एक आजोबा म्हणाले, "टिपणीस, आमचीही भिंत वाचवा!"