आवडाबायची सकाळची माडी

एका खाडीकाठच्या गावात दोन माडीवाले होते. एक आवडाबाय, दुसरा धाकू. दोघांचे बारा-बारा माड. माडाची पोय, म्हणजे फुलोरा, छेदली की जो रस गळतो तीच माडी. माडी सकाळी उतरली की गोड, दुपारी आंबट आणि दुसऱ्या दिवशी जहाल.

एकदा राजाने हुकूम काढला. दिवेलागणीनंतर माडी विकायची नाही. उरलेली शिपायासमोर ओतायची. मोडेल त्याचा परवाना गेला!

आवडाबाय तडक चावडीवर गेली. "हुकूम काढणाऱ्याने कधी माड चढून बघितलाय?" ती कडाडली. तिथला राजाचा कारभारी हसला, हुकूम काही हलला नाही. मग ती घरी येऊन विचार करत बसली. दिवेलागणीपर्यंत सहा माडांचीच माडी खपत होती. तिने उरलेले सहा माड छेदायचे सोडून दिले.

धाकूने बाराही माड चालू ठेवले. "हुकूम राजाचा, मडकं माझं," तो म्हणे. रोज तो शिपायासमोर माडीसारखंच पांढरं दिसणारं तांदळाचं धुवण ओती आणि शिळी माडी लपवून सकाळच्या ताज्या माडीत मिसळी.

थोड्याच दिवसांत गावात माणसं सकाळीच झिंगून पडू लागली. कारभारी भडकला. "दोघांतलं कोण लबाड ते कळत नाही. दोघांचेही परवाने बंद!"

आवडाबायच्या पोटावरच पाय आला. पण ती डगमगली नाही. "कारभारी, संध्याकाळी कसली मडकी बघता? सकाळी या आणि चव घ्या."

कारभारी सकाळी न सांगता आला. आवडाबायची माडी त्याने प्यायली. गोड! धाकूची तोंडात घेतली आणि त्याचे दात आंबले.

"आत्ताच उतरवली, साहेब," धाकू म्हणाला.

"मेल्या, झाडावरच म्हातारी झाली होय रे?" आवडाबाय म्हणाली. सगळे हसले. धाकूचा परवाना तिथेच गेला, आवडाबायचा राहिला.

छेदलेल्या माडाला नारळ धरत नाही. सोडलेल्या सहा माडांना वर्षाने घोसच्या घोस लागले. धाकू खालून बघत म्हणाला, "बाय, नशीब काढलंस."

"नशीब कसलं? हुकूम मोडायला तू जेवढी अक्कल खर्चलीस, तेवढीच मी तो पाळायला खर्चली."

तात्पर्य: हुकूम पटला नाही तर चावडीवर जाऊन भांडावं, मडक्यात लबाडी करू नये. नव्या नियमाने धंदा अडतो. बुडतो तो लबाडीनेच.