तमचराचे डोळे

“डोळ्यांची भोकं कुठं पाडायची?” लहानूबाबांनी विचारलं.

“पाडायचीच नाहीत,” हेरंब म्हणाला.

म्हाताऱ्याची लाकूड कोरणारी पटाशी थांबली.

बोहाड्याच्या उत्सवात देवांची आणि राक्षसांची सोंगं नाचतात. त्यांचे लाकडी मुखवटे कोरण्यात लहानूबाबांची हयात गेली होती. वीस वर्षांपूर्वी हेरंब दाणी त्यांच्या पाड्यावर दोन वर्षं राहिला, हाताखाली काम शिकला आणि शहरात जाऊन टीव्हीच्या मालिका लिहू लागला. आता त्याचं नाव झालं होतं. नावाबरोबर थोडा ताठाही आला होता, तो येतोच.

“परग्रहावरच्या युद्धाची मालिका आहे, बाबा. शत्रूचं नाव तमचर. तुम्ही एकच मुखवटा कोरा, त्यावरून साचा काढून आम्ही शेवटच्या भागासाठी शेकडो बनवू. त्यात सगळे तमचर जळून मरणार.”

“आतल्याला दिसायचं कसं?”

“हनुवटीखाली बारीक फट ठेवू. डोळे मात्र दिसता कामा नयेत. पहिल्या भागात दिसले होते. एक तमचर मेला आणि लोक हळहळले! तेव्हापासून डोळे बंद केले. आता टाळ्या वाजवतात.”

“मी काय शिकवलं होतं तुला?”

हेरंब विसरला नव्हता. मुखवटा देवाचा असो की राक्षसाचा, तो घालून नाचणारा माणूस समोर बसल्याशिवाय डोळ्यांना पटाशी लावायची नाही. आधी त्याचं नाव विचारायचं, त्याच्या डोळ्यांचं माप घ्यायचं, मगच भोक पाडायचं.

“ते उत्सवात ठीक आहे,” तो म्हणाला. “तिकडं खरी लढाई चालू आहे. माझा धाकटा भाऊ शिरीष सीमेवर आहे. परवा त्याचा फोन आला. म्हणाला, दादा, आम्ही सगळे तुझी मालिका बघतो. समोरच्यांना आता तमचरच म्हणतो. मी तिघांना टिपलं, हात जरासुद्धा थरथरला नाही…”

बोलताना हेरंबची छाती फुगली होती. त्या फोननंतर आपल्याला धड झोप लागलेली नाही, हे मात्र त्याने सांगितलं नाही. ज्या शिरीषला लहानपणी कोंबडी कापलेली बघवत नसे, त्याचा तो शांत आवाज हेरंबच्या कानातून जात नव्हता.

लहानूबाबा उठले. अर्धवट कोरलेला मुखवटा त्यांनी हेरंबच्या तोंडावर बसवला आणि मागून दोरी आवळली.

आत मिट्ट काळोख. ओल्या लाकडाचा वास. मग उजव्या डोळ्याच्या जागी पटाशी टेकल्याचं त्याला कळलं.

हातोडीचा ठोका पडला.

“बाबा!”

दुसरा ठोका. कपाळापर्यंत हादरा गेला.

“बाबा, थांबा! आत मी आहे!”

ठोके थांबले. दोरी सुटली. उजेडात हेरंब घामाने निथळत बसला होता.

“मुखवट्याला डोळे नव्हते,” लहानूबाबा म्हणाले. “आत कोन हाय, हे मला कसं कळावं?”

…

हेरंब चिडला. इतका, की त्याचा आवाज फाटला.

“तुम्हाला बोलायला काय जातं? त्याचा हात थरथरला तर गोळी त्याला लागेल! माझा एकच भाऊ आहे. तो मेला तर चालेल तुम्हाला?”

“नाय रं,” म्हातारा हळूच म्हणाला. “जगू दे त्याला. शंभर वर्षं जगू दे.”

“मग सांगा ना, मी काय करू? उद्या तो पुन्हा फोन करील. आणखी कितीजण टिपले ते सांगेल. मी काय बोलू त्याच्याशी?”

हेरंबला रडू आवरेना. इतक्या वर्षांत त्याने हजारो संवाद लिहिले होते, पण सख्ख्या भावासाठी त्याला एक वाक्य सापडत नव्हतं.

लहानूबाबा त्याच्याजवळ बसले. हातातली पटाशी त्यांनी खाली ठेवली.

“पयलं विचार, जेवलास का.”

“आणि मग?”

“मग विचार, ते तिघं जेवले होते का.”